भाड्याचा ‘प्राचीन राणी’ संच: नागनिकेच्या देखाव्यासाठी काय घ्यावं, काय काढून ठेवावं

बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची तयारी सुरू झाली की भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानांत मावळे, सरदार आणि राण्या यांचे गठ्ठे बांधून तयार असतात. शहापूर भागातल्या अशाच एका दुकानात ‘प्राचीन राणी’ नावाचा संच मिळतो. सीता असो, द्रौपदी असो, नाहीतर शाळेच्या स्नेहसंमेलनातली कुठलीही राणी असो, मागणी काहीही आली तरी हाच गठ्ठा पुढे येतो. हे परीक्षण त्याच्या एकाच उपयोगापुरतं आहे: सातवाहनांची राणी नागनिका उभी करायची असेल तर हा संच चालतो का? चालतो, पण निम्मा. उरलेला निम्मा अंगावर चढवला तर समोर नागनिका दिसत नाही, अठराव्या शतकातली कुणीतरी सरदारीण दिसते.

गठ्ठ्यात काय असतं ते आधी पाहू. कमरेला इलॅस्टिक आणि मागे चेन असलेली शिवलेली सॅटिनची नऊवारी, मखमली ब्लाउज, जरीकाठी शेला, फायबरचा उंच मुकुट, नथ, ठुशी, मोत्यांचा तीन पदरी हार, बाजूबंदांची जोडी, कमरपट्टा, दोन्ही हातांच्या मिळून २४ सोनेरी बांगड्या, पैंजण, गोल कुंडलं, गंगावन, मोजड्या आणि म्यानासह पत्र्याची तलवार. भाडं एका दिवसाला ९०० रुपये, अनामत १,५०० रुपये. एवढ्या वस्तूंना हा दर वाजवी आहे. शिलाई पक्की आहे, चेन अडकत नाही, दागिन्यांचा मुलामा काळवंडलेला नाही आणि कापड धुऊन-इस्त्री करूनच हातात येतं. बऱ्याच भाड्याच्या पोशाखांना घामाचा वास असतो. इथे तो नाही, ही या दुकानाची मोठी जमेची बाजू.

आता राणीकडे वळू, कारण पोशाखाचा निर्णय तिच्या माहितीवरच ठरतो. नागनिका ही पहिल्या सातकर्णीची राणी. काळ इ.स.पूर्व दुसरं ते पहिलं शतक, त्यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. तिची ओळख पटते ती जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातल्या लेण्यात. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख कोरलेला आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. ते फुटून गेले, पण प्रत्येकाच्या वर कोरलेल्या नावांपैकी बरीच वाचता येतात: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच आपली नागनिका) आणि राजा सातकर्णी, काही कुमार आणि महारठी (ही मोठ्या सरदाराची पदवी) त्रणकयिर. हा महारठी म्हणजे तिचे वडील, असं मानलं जातं. भिंतीवरच्या मोठ्या लेखात यज्ञांची यादी आहे: अग्न्याधेय, राजसूय, दोन अश्वमेध आणि आणखी कितीतरी. प्रत्येक यज्ञाला किती गायी, किती घोडे, किती कार्षापण (त्या काळची नाणी) दिले तेही आकड्यांत कोरलेलं आहे. एका ठिकाणी ११,००० गायी आणि १,००० घोडे असा हिशेब येतो. लेखातली राणी महिनाभराचे उपवास करणारी, घरात राहूनच तपस्विनीसारखं जगणारी आहे. पतीच्या पश्चात मुलगा वेदिश्री लहान असताना तिने राज्यकारभार पाहिला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हे सगळं कोरलं कुठे, तर कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून जुन्नर-पैठणकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवर. माल लादलेली जनावरं, तांडे, व्यापारी सगळे त्या दारावरून जाणार. आपल्या घराण्याची सत्ता आणि दानत तिने तिथे कायमची नोंदवून ठेवली. तिचं सामर्थ्य दाखवायचं असेल तर ते या भिंतीत आहे.

म्हणून पहिली सूचना: तलवार घरी न्यायचीच नाही. दुकानदार ती प्रेमाने हातात देतो, “राणी म्हटल्यावर तलवार पाहिजेच” म्हणतो, आणि आपल्या भागात ते स्वाभाविकही आहे. कित्तूरची राणी चन्नम्मा किंवा बेळवडीची मल्लम्मा उभी करायची तर हातात शस्त्र हवंच, दोघीही लढलेल्या आहेत. हा संच खरं तर त्यांच्याच देखाव्यांना डोळ्यांसमोर ठेवून जमवलेला दिसतो. नागनिकेच्या लेखात मात्र दान आणि यज्ञ आहेत. तिच्या हातात पाणी सोडायची झारी द्या. दान देताना हातावर पाणी सोडतात, हे देखावा पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागत नाही. गडू किंवा झारी तांब्याची असावी, स्टीलची नको. फोकसचा उजेड पडला की स्टील लगेच उघडं पडतं.

दुसरी सूचना: प्रसंग कोणता ते ठरल्याशिवाय संच ठरवू नका. यज्ञाला पतीशेजारी बसलेली पट्टराणी दाखवायची तर दागिने भरपूर हवेत. लेख कोरून घेणारी, कारभार पाहणारी विधवा राणी दाखवायची तर जवळजवळ काहीच नको: पांढरं किंवा भगव्याकडे झुकणारं सुती वस्त्र, मोकळे किंवा साधे बांधलेले केस, हातात फार तर एखादं कडं. मंडळं दोन्ही प्रसंग एकाच ट्रॉलीवर घेतात आणि दोन्हीकडे तीच झगमगीत राणी बसवतात. तिथे लेखातलं व्रतस्थपण पार पुसलं जातं. दुसऱ्या प्रसंगाला हा संच घ्यायची गरजच नाही. घरातल्या कपाटात आणि खडे बाजारातल्या कापडाच्या दुकानात सगळं मिळतं. पुढचं सगळं पहिल्या, म्हणजे यज्ञाच्या प्रसंगासाठी.

नथ काढा. सातवाहन काळातल्या शिल्पांत नाकात दागिना दिसत नाही. आपल्याकडे तो फार नंतर आला. ठुशी, चंद्रकोर, मखमल, जरीकाठ, मोजड्या, हे सगळंही बाजूला. मुकुटही नको. शंकूसारखा उंच मुकुट पुढच्या काळातल्या देवीमूर्तींचा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरची जोडपी नीट पाहिली की कळतं: स्त्रीच्या डोक्यावर वस्त्र, हार आणि केसांची बांधणी, कानांत मोठी जड कुंडलं, कमरेला रुंद मेखला, पायांत जाड वळी. कलबुर्गी जिल्ह्यातल्या कनगनहळ्ळीच्या स्तूपावरची शिल्पं तर आपल्याच राज्यात आहेत आणि त्यांत राजांची नावं कोरलेले फलकही आहेत. पोशाख करणाऱ्या बाईंकडे या दोन ठिकाणांच्या शिल्पांचे फोटो छापून द्यावेत. तोंडी सांगण्यापेक्षा ते लवकर उमगतं.

सर्वांत मोठा बदल साडीचा. शिवलेली नऊवारी पाच मिनिटांत चढते, म्हणून सगळे तीच घेतात. पण सॅटिनवर एलईडी फोकस पडला की फोटोत नुसता पांढरा डाग येतो आणि चालत्या ट्रॉलीवर ते कापड कमरेवरून सतत सरकतं. त्याऐवजी सुती वस्त्र नेसवावं. वडगाव, खासबाग आणि शहापूर हे विणकरांचे भाग आहेत, साधं जाडसर सुती कापड तिथे मिळतं. नसेल तर मांजरपाटही चालतो. साडेपाच फुटांपर्यंतच्या बाईला ५ मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आसपास पन्ह्याचं कापड पुरतं. त्याहून उंच असेल तर ६ मीटर घ्या. आदल्या दिवशी साबुदाण्याची पातळ खळ देऊन वाळवावं. खळ जाड झाली तर निऱ्या पुठ्ठ्यासारख्या उभ्या राहतात आणि बसताना मोडतात.

नेसवायची रीत अशी: आत सुती सलवार किंवा लेगिंग घालून कापडाचा मध्य पाठीमागे कमरेवर धरा. दोन्ही बाजू पुढे आणून बेंबीखाली पक्की गाठ मारा. ही गाठ ढिली राहिली तर पुढचं सगळं व्यर्थ. उजवं टोक दोन पायांमधून मागे नेऊन कास घाला. डाव्या टोकाच्या चार बोटं रुंद निऱ्या करा, सात-आठ तरी हव्यात, आणि त्या पुढे गाठीजवळ खोचा म्हणजे पंख्यासारख्या खाली उतरतात. आता अडीच मीटरचं वेगळ्या रंगाचं कापड चौपदरी करून कमरेला गुंडाळा, पुढे गाठ मारा आणि दोन्ही टोकं गुडघ्यापर्यंत लोंबू द्या. या कमरबंदाने दोन कामं होतात. खालची गाठ दाबून धरली जाते, आणि शिल्पातल्या स्त्रीचा सगळा डौल या लोंबत्या टोकांमुळे येतो. पिना लावायच्याच असतील तर कासेला मागे दोन आणि निऱ्यांना आतून एक, एवढ्या बस. जास्त पिना लावल्या की बसताना कापड फाटतं.

शिल्पांत वरचं अंग बहुधा उघडं असतं, ते देखाव्यात करायचं नाही. मखमली ब्लाउजऐवजी वस्त्राच्याच रंगाचा, कोपरापर्यंत बाह्यांचा साधा सुती ब्लाउज घाला आणि त्यावर मलमलीचं उत्तरीय घ्या. संचातला शेला जरीकाठाचा आहे. त्याचा काठ आत दुमडून टाचला तर तोही चालेल. हळदीने रंगवलेलं उत्तरीय सुंदर दिसतं, मात्र हळदीचा रंग उन्हात उडतो आणि वळिवाच्या सरीत उतरतो. वैशाखात आपल्याकडे संध्याकाळी वळीव कधी गाठेल सांगता येत नाही, तेव्हा कापड आधी एकदा धुऊन रंग सुटतो का ते पाहावं आणि ट्रॉलीवर एक प्लॅस्टिकची ताडपत्री ठेवावी.

दागिन्यांत संचातल्या चार गोष्टी खरोखर चांगल्या आहेत: बांगड्या, बाजूबंद, कमरपट्टा आणि कुंडलं. बांगड्या सगळ्या वापरा, मनगटापासून वर चढत जाणाऱ्या. हा शिल्पांशी जुळणारा भाग आहे. त्या २.६ मापाच्या आहेत. हात भरीव असेल तर २.८ मागून घ्या, दुकानात असतात. कमरपट्ट्याची कडी कमकुवत आहे. उभं असताना बसते, मांडी घालून बसलं की सुटते, कारण बसल्यावर पोटाचा घेर वाढतो आणि सगळा ताण त्या एका कडीवर येतो. कडीच्या दोन्ही बाजूंना भोकातून काळा दोरा ओवून तीन बोटं जास्तीची सैल जागा ठेवली की सुटत नाही. पट्टा एकपदरी वाटला तर मोत्यांचा तो तीन पदरी हार गळ्यातून काढून पट्ट्याखाली कमरेला बांधा. मेखला भरून दिसते आणि गळा मोकळा राहतो. गळ्यात मग एखादी जाड मण्यांची माळ पुरे.

कुंडलं मात्र जपून घ्या. आकाराने बरोबर आहेत, चकतीसारखी मोठी, पण धातूची आणि जड. तासाभरात कानाची पाळी ओढली जाते, लाल होते, आणि मिरवणुकीत रात्रभर बसणाऱ्या मुलीला ते सोसत नाही. कुंडलाच्या वरच्या कडीतून काळा गोफ ओवून तो कानामागून वर नेऊन केसांत पिनेने अडकवा. वजन केसांवर जातं आणि कानात कुंडल नुसतं टेकलेलं राहतं. गोफ कानाच्या मागे गेल्यावर समोरून दिसत नाही. पैंजण घुंगरांचे आहेत, तेही बदलावे लागतात. जाड पोकळ वाळे लागतात. ते न मिळाल्यास पाण्याच्या जाड पाइपचे तुकडे कापून, फट ठेवून, चंदेरी रंगवतात. रंग वाळायला पूर्ण रात्र द्या, नाहीतर पायाला लागतो.

गंगावन चांगल्या प्रतीचं आहे, पण अंबाड्यावर प्लॅस्टिकचा गजरा शिवलेला आहे. तो उसवायला दुकानदार परवानगी देतो, फक्त परत करताना टाचून द्यावा लागतो. त्या जागी अबोली-मोगऱ्याचा खरा हार बांधा आणि कपाळावर केसांच्या रेषेत एक पातळ पदर येऊ द्या.

पोशाख झाला तरी देखावा अर्धाच होतो, कारण नागनिका तिच्या लेखाशिवाय ओळखू येत नाही. मागे फ्लेक्सवर देवनागरीत ‘राणी नागनिका’ एवढंच छापू नये. थर्माकोल किंवा प्लायवर दगडी रंग देऊन ब्राह्मी अक्षरं कोरावीत आणि खाली छोट्या पाटीवर मराठी वाचन द्यावं. लेखाच्या सुरुवातीचा भाग त्याला उत्तम: “नमो इदस नमो संकंसन-वासुदेवानं चंदसूरानं”, म्हणजे इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र आणि सूर्य यांना वंदन. पुढे यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपालही येतात. ब्राह्मी ‘क’ अधिकाच्या चिन्हासारखा असतो, ‘न’ म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ. शाळेतली मुलंही तक्ता पाहून काढू शकतात. अक्षरांवर देवनागरीसारखी शिरोरेघ ओढायची नाही, ही चूक हमखास होते. दुसरी हमखास चूक आकड्यांची. नाणेघाटातले अंक भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांपैकी आहेत आणि त्यांत शून्य नाही. एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी दोन, आणि शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं. ब्राह्मी फलकावर ११,००० शून्यं देऊन लिहिलं की जाणकार माणूस तिथेच थांबतो. चिन्हं जमत नसतील तर आकडे फक्त मराठी पाटीवर लिहावेत.

दानाच्या ताटात गोल सोनेरी मोहरा ठेवू नका. त्या काळची आहत नाणी चांदीची, कडा वेड्यावाकड्या कापलेली, वर लहान लहान चिन्हांचे ठसे आणि राजाचा चेहरा नसलेली. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे कापून त्यावर खिळ्याने सूर्य, डोंगर असे ठसे उमटवले तर ताट भरायला एक दुपार पुरते. कडा कानसीने घासा, नाहीतर हात कापतात. अश्वमेधाचा घोडा उभा करणार असाल तर त्यालाही चांदीचे दागिने घाला. दुसऱ्या अश्वमेधाच्या दक्षिणेत रुप्याच्या अलंकारांनी सजवलेला घोडा दिल्याची नोंद लेखातच आहे. सोनेरी झूल भाड्याने मिळते म्हणून तीच टाकली जाते, आणि लेखातला इतका नेमका तपशील वाया जातो.

यज्ञकुंडात खरा अग्नी नको, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगावं लागतं. कमरबंदाची लोंबती टोकं, खळ दिलेलं सुती कापड, शेजारी जनरेटरची वायर आणि हलती ट्रॉली. लाकडी चौकटीत खाली छोटा पंखा, नारिंगी एलईडी आणि वर पातळ रेशमी कापडाच्या पट्ट्या लावल्या की ज्वाळा छान हलतात.

दुकानाच्या सेवेबद्दल थोडं. माप घेतात, पण फक्त कंबर आणि उंची. छातीचं माप विचारत नाहीत, त्यामुळे ब्लाउज हमखास सैल येतो. तो बाजूलाच ठेवायचा असल्याने नागनिकेपुरता हा दोष लागू होत नाही, पण चन्नम्मासाठी घेणाऱ्यांनी आवर्जून माप द्यावं. चित्ररथ मिरवणुकीच्या दिवशी दुपारी दोननंतर दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि याच वेळी वस्तू अदलाबदल होतात. गठ्ठा आदल्या संध्याकाळी घ्यावा, यादीसमोर एकेक वस्तू मोजून बरोबरची खूण करावी. मिरवणूक पहाटेपर्यंत चालते, तेव्हा पावतीवर परतीची वेळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळची लिहून घ्या. तोंडी ठरलं असेल तर सकाळी नऊनंतर दुसऱ्या दिवसाचं भाडं लागतं. नथ, तलवार, मुकुट, मोजड्या घेत नसाल तर भाडं कमी करून मागा, शंभर-दीडशे रुपये सुटतात. मुख्य म्हणजे न घेतलेल्या वस्तू हरवल्याचा प्रश्न उरत नाही.

गुण द्यायचे तर स्वच्छता, शिलाई आणि दराला पाचपैकी चार, ‘प्राचीन’ या नावाला दोन. दुकानदार ऐकणारा माणूस आहे. त्याने याच सामानातून दोन गठ्ठे केले, एक तलवार-नथ-मखमलीचा आणि दुसरा सुती वस्त्र, मेखला, कुंडलं, वाळे आणि झारीचा, तर बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या मंडळांची मोठी सोय होईल. सातवाहन आपल्याला परके नाहीत. बेळगावच्याच वडगाव-माधवपूरच्या उत्खननात त्या काळातली वस्ती उजेडात आली आहे. जिथे ती वस्ती सापडली, त्याच वडगावच्या मागावरचं कापड नेसून नागनिका ट्रॉलीवर बसावी. तोपर्यंत गठ्ठा घेताना यादीतल्या बांगड्या, बाजूबंद, कमरपट्टा, कुंडलं, गंगावन आणि शेला यांवर खूण करा, काळा दोरा आणि गोफ सोबत ठेवा, आणि नेसवायला पाऊण तास हाताशी ठेवून मुलीला आधी पोटभर जेवायला घाला. कमरबंद बांधल्यावर तिला पहाटेपर्यंत नीट जेवता येत नाही.